प्रशिक्षण पुरे झाले, आता भांडवलाचे बोला



बाईला उद्योजक ‘बनवण्याचा’ शासकीय उद्योग आपल्या राज्यात पन्नास वर्षांचा झाला. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७९ मध्ये ग्रामीण तरुणांच्या प्रशिक्षणाची ‘ट्रायसेम’ योजना आली, १९८२ मध्ये खास बायकांसाठी ‘डवाकरा’ आली. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. १९९९ मध्ये जुन्या योजना गुंडाळून स्वर्णजयंती योजना आणली गेली, २०११ पासून तिच्या जागी ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपली ‘उमेद’ आली. २०१५ मध्ये मुद्रा, २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया आणि २०२३ मध्ये लखपती दीदी. योजनांची नावे बदलत गेली, फलक नवे झाले, पण त्यांच्या तळाशी असलेले गृहीतक तेच राहिले: बाईला काही येत नाही, तिला शिकवले पाहिजे, आणि तिला पैशांची सवय नाही, तेव्हा थोडे थोडे दिले पाहिजेत.

या लेखात मला या गृहीतकाशीच भांडायचे आहे. मंडणगडच्या बाईला कौशल्याची वाण नाही. वाण आहे ती भांडवलाची, स्वतःच्या नावाची, मोकळ्या वेळेची आणि बाजाराची. या चार गोष्टी देणे महाग पडते, त्यात कोणाचे तरी हितसंबंध दुखावतात. प्रशिक्षण देणे स्वस्त पडते आणि त्याचा फोटोही काढता येतो. म्हणून प्रशिक्षण दिले जाते.

शिकवायचे कोणाला?

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, लोकसंख्येने सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बासष्ट हजार माणसे. या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर स्त्रिया आहेत. इथे मुलींचे फार कौतुक होते म्हणून हा आकडा वाढलेला नाही. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला आहेत. पूर्वी गिरणीत होते, आता वॉचमन, ड्रायव्हर, हॉटेल, कुरिअर. गाव चालवते ती बाई. भात लावते ती, नाचणी झोडते ती, गुरे बघते ती, सासू-सासऱ्यांचे आजारपण काढते तीच. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे गोळा करून फोडते, बिया काढते, साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालते, पुन्हा बुडवते, पुन्हा वाळवते आणि पावसाच्या आत आमसुले करून ठेवते. काजूबिया वेचते. बाणकोटच्या खाडीकाठची बाई मासळी सुकवते आणि टोपली डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकते. कच्चा माल, प्रक्रिया, साठवण, विक्री, उधारी, वसुली, हे सारे ती करते. याला उद्योग म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि या बाईला आपण काय शिकवतो? पापड, मसाला, शिवण, मेणबत्ती, अगरबत्ती, ब्यूटी पार्लर. एका वाडीतल्या बैठकीत एक काकी मला म्हणाल्या, “ताई, पापड कसं लाटायचं ता मला म्हायत हाय. त्यो इकायचा कुठं ता सांगा.” त्यांच्या एका वाक्यात आपल्या सगळ्या प्रशिक्षणांचा ताळेबंद आला. एकाच वाडीतल्या वीस जणींना एकच पदार्थ शिकवला, तर गिऱ्हाईक उरते कोण? वीस जणी एकमेकींना पापड विकणार का?

प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथले शिक्षण मोफत असते, राहण्या-जेवणाची सोय असते. पण ही निवासी सोय कोणाला समोर ठेवून केली? वेळास-बाणकोटच्या टोकावरून एस.टी.ने मंडणगडला यायलाच तास-दीड तास जातो. तिथून जिल्ह्याचे गाव दीडशे किलोमीटरच्या वर. आम्हाला रत्नागिरीपेक्षा रायगडातले महाड जवळ. नवरा मुंबईला, घरात म्हातारी माणसे, गोठ्यात दोन म्हशी आणि शाळेत जाणारी मुले. अशा घरातली बाई दहा, वीस, तीस दिवस निवासी शिबिराला कशी जाणार? २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत दिसले की, बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि जे पुरुष असे काम करतात ते ८८ मिनिटे. ज्या योजनेने या २८९ मिनिटांचा हिशोबच धरलेला नाही, ती योजना बाईसाठी आखली असे म्हणणे धाडसाचे आहे. शेवटी शिबिराला जातात त्या ज्यांच्यावर घराचा भार नाही त्या. बाकीच्यांच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो.

प्रशिक्षणाला माझा सरसकट विरोध नाही. मालाची किंमत कशी काढायची, त्यात स्वतःची मजुरी कशी धरायची, अन्न परवान्याची नोंदणी कशी करायची, आमसुलाला बुरशी का लागते, पिशवी सील करायचे यंत्र बिघडले तर काय करायचे, व्यापाऱ्याशी लेखी व्यवहार कसा करायचा, हे शिकायला बायका आनंदाने येतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ तर शेजारच्या तालुक्यात, १९७२ पासून उभे आहे. कोकम, काजू, आंबा यांवरचे ज्ञान तिथे आहे. ते ज्ञान वाडीवर का येत नाही? बाईनेच ज्ञानाकडे का जायचे?

नाव कोणाचे?

आता भांडवलाकडे येऊ. बाई बँकेत गेली की पहिला प्रश्न येतो, “जागा कोणाच्या नावावर आहे?”

कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. एका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे. निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारस लागलेले नाहीत. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या आणा म्हटले की, तो अर्ज तिथेच मेला. त्या गर्दीत सुनेचे नाव तर नसतेच. नवरा वारला असेल तर कधी लागते, तेही दिराच्या कृपेने. आणि ज्या बहिणीचे नाव वारस म्हणून लागते, तिच्याकडून भाऊ हक्कसोड पत्रावर सही घेतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. पण कायद्याने दिलेला हक्क माहेर तुटेल या भीतीने बायकाच सोडून देतात आणि त्या सोडण्याला आपला समाज ‘समजूतदारपणा’ म्हणतो. बँकेच्या टेबलावर त्या समजूतदारपणाची किंमत शून्य.

लघु उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासून आहे. बचत गटांच्या कर्जालाही असेच संरक्षण आहे. मग तरी सातबारा का मागतात? एका शाखेत मी हा नियम दाखवला तेव्हा साहेब हसून म्हणाले, “मॅडम, नियम आहे, पण वसुली मला करायची आहे.” नकार तोंडी. लेखी मागितला तर “पुन्हा या”. दोन वेळा एस.टी.चे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी गेली की बाई तिसऱ्यांदा येत नाही.

नाव नसणे फक्त कर्जातच आडवे येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीचा किनारा झोडपला. आंबा, काजू, माड, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नुकसानभरपाई जमिनीच्या आणि झाडांच्या मालकांना मिळाली. ते बरोबरच झाले. पण त्याच झाडांच्या फळांवर जिचा हंगाम चालायचा, जी रातांबे विकत घेऊन आमसुले करायची, काजूबिया सोलायची, तिचे काय नुकसान झाले ते कोणत्या पंचनाम्यात लिहायचे? तसा रकानाच नव्हता. मालक नाही म्हणजे नुकसान नाही.

वेळासचा कासव महोत्सव सर्वांना ठाऊक आहे. कासवांच्या संवर्धनाभोवती गावात घरगुती निवास उभे राहिले, ही फार चांगली गोष्ट. पाहुण्यांना तिथे आवडते ते घरचे जेवण, स्वच्छ पडवी, मायेचे आगतस्वागत. हे श्रम कोणाचे? तेव्हा अशा प्रत्येक व्यवसायाबाबत, मग तो वेळासचा असो की दापोली-गुहागरचा, आपण एक साधा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: पाटीवर नाव कोणाचे आणि पैसे कोणाच्या खात्यात?

हंगाम एकीकडे, हप्ता दुसरीकडे

कोकणातला बाईचा धंदा हंगामी आहे. रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो आणि पहिल्या पावसाने खराब होतो. हातात सहा-सात आठवडे. त्या दिवसांत रोख पैसे असले तर बाई आजूबाजूच्या बागांतून फळ विकत घेऊ शकते, मीठ-बरण्या-ताडपत्री आणू शकते, दोन बायकांना मजुरीवर लावू शकते. पुढे माल दिवाळीपर्यंत धरून ठेवला तर भाव मिळतो. म्हणजे तिला काय हवे? एप्रिलमध्ये खेळते भांडवल आणि फेडायला सात-आठ महिने.

तिला मिळते काय? बँकांचे वर्ष ३१ मार्चला संपते. उद्दिष्ट गाठायचे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ, नाहीतर कागद फिरत फिरत जून-जुलै. मंजूर रक्कम हाती येते तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. माल तयार नाही, विक्री नाही, मग हप्ता कशातून? मुंबईहून आलेल्या पैशांतून नाहीतर दुसऱ्या कर्जातून. शेतकऱ्याला पीक कर्ज हंगाम बघून मिळते, हे आपण मान्य केले आहे. बाईच्या हंगामाला मात्र पंचांग नाही.

या फटीत दोन माणसे शिरतात. एक व्यापारी. तो मार्चमध्ये उचल देतो आणि मे महिन्यात ओल्या आमसुलाचा भाव स्वतः ठरवतो. दुसरी, सूक्ष्म वित्त कंपनी. तिचा माणूस मोटारसायकलवरून वाडीवर येतो, सातबारा मागत नाही, चार दिवसांत पैसे देतो. त्याची ही तत्परता आपल्या बँकांनी शिकण्यासारखी आहे. पण त्याचे व्याज जास्त, हप्ता आठवड्याचा नाहीतर पंधरवड्याचा. आणि एकीने चुकवला की बाकीच्या जणी तिच्या दारात. बाईबाईतल्या विश्वासाचेच तारण करून टाकले. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये याच वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. असे असूनही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये या कंपन्यांच्या व्याजावरची मर्यादा काढून घेतली. महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, एवढी अट ठेवली. निम्मे उत्पन्न हप्त्यात गेले तर चालेल, असा त्याचा अर्थ!

आकड्यांची आरास

मुद्रा योजनेचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. सुमारे दोन तृतीयांश खाती बायकांची. खरे आहे. पण रकमेत त्यांचा वाटा त्याहून बराच कमी आहे, कारण बायकांची बहुतेक खाती ‘शिशु’ गटातली, पन्नास हजारांच्या आतली. ‘शिशु’ हे नावच बघा. चाळीस वर्षे संसार आणि शेती ओढलेली बाई बँकेच्या दृष्टीने शिशु!

लखपती दीदी कोण? जिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख झाले ती. तिचे एकटीचे नव्हे, कुटुंबाचे. लाखाला तीनशे पासष्टांनी भागा: दिवसाला २७४ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. खड्डे खणण्याच्या मजुरीपेक्षा कमी उत्पन्नाला लखपती म्हणायचे आणि त्याचा सोहळा करायचा, ही बायकांची थट्टा आहे.

दुसऱ्या टोकाला २०२४ मध्ये राज्याने अहिल्यादेवींच्या नावाने महिला स्टार्टअप योजना काढली. एक ते पंचवीस लाखांचे साहाय्य. पण अट अशी की, वार्षिक उलाढाल आधीच दहा लाखांच्या वर पाहिजे. मंडणगडच्या आमसुलवाल्या बाईला तिथवर चढायला शिडी कुठे आहे?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि स्त्रीला ३५ टक्के अनुदान आहे. बाईच्या नावाला अशी किंमत आली की काय होते? अर्ज बायकोचा, गिरणी नवऱ्याची. सही तिची, सत्ता त्याची, आणि थकबाकीची नोटीस पुन्हा तिचीच. लाभार्थी स्त्रियांच्या यादीत अशी नावे किती, हे कोणी तपासत नाही, कारण तपासले तर उद्दिष्ट कमी भरेल.

बाईला खरोखर भांडवल पुरवते कोण? २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी सुमारे १४ टक्के बायकांच्या मालकीचे निघाले आणि त्यांतले जवळजवळ ७९ टक्के स्वतःच्याच पैशांवर उभे होते. म्हणजे तिची बांगडी, तिची बचत, तिच्या आईने दिलेले चार पैसे. त्याच २०१३ मध्ये मोठा गाजावाजा करून मुंबईत भारतीय महिला बँक निघाली. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीनही झाली. साडेतीन वर्षांतच पाटी उतरली.

हे आधी कोणी केलेच नाही का?

केले आहे, आणि आपल्याच राज्यात केले आहे. गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना त्या जेवू घालायच्या आणि किराण्यासाठी सावकाराकडे दागिने गहाण टाकायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. प्रेमाताईंनी या बायकांना भाकरी थापायचे प्रशिक्षण दिले नाही. त्या जे काम करतच होत्या, ते काम तारण म्हणून पुरेसे आहे, हे राष्ट्रीयीकृत बँकेला पटवले आणि कर्ज मिळवून दिले. आपल्या तालुक्याचे कित्येक बाप-आजे ज्या ताटांवर जगले, त्या ताटांमागचा हा इतिहास आहे.

१९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केले. त्यातला धडा पापडाचा नाही. प्रत्येक बहीण मालक आहे, आणि लाटणाऱ्या प्रत्येकीला टोपली घेऊन बाजारात हिंडावे लागत नाही, हा तो धडा आहे. पीठ केंद्रातून, विक्री संस्थेची. आपल्या बचत गटांनी पापड उचलला आणि धडा टाकला.

म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशोब आम्ही तुमच्यापेक्षा आधी तोंडी करून दाखवतो, असे ठणकावून सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी प्रशिक्षणाची बस काढली. वर्ग बाईच्या दारात गेला. दुष्काळी माण तालुक्यात हे होऊ शकते, तर मंडणगडात का नाही?

बाजाराचे म्हणाल तर तोही आहे. अंगणवाडीतला आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, गावसमुदाय, बचत गट, महिला मंडळे यांना द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला होता. आपल्या राज्यात त्यानंतरही निविदांच्या अटी अशा आल्या की छोट्या गटांना दारच बंद व्हावे. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या निविदा रद्द झाल्या. सरकार हेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. ते खरेदीच्या वेळी ठेकेदाराकडे जाते आणि आपल्याला प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल देते.

आपल्यातले दोन आक्षेप

काही मैत्रिणी म्हणतात, कर्ज हा सापळा आहे, बाईला बाजारात ढकलणे हे स्त्रीमुक्तीचे काम नव्हे. पण बाई बाजारात आहेच. उचल घेऊन, अर्ध्या भावात, दुसऱ्याच्या नावावर आहे. आपण तिला तिथे नेत नाही आहोत. ती कोणत्या अटींवर तिथे उभी राहणार, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या म्हणतात, मोठी रक्कम दिली तर नवराच उडवेल. शक्य आहे. पण पुरुषाला कर्ज देताना तो दारूत उडवेल का, असे कोणती बँक विचारते? बायकांच्या गटांची परतफेड उत्तम, हे बँकाच सांगतात. जी वेळेवर फेडते तिला पुढच्या वेळी दुप्पट द्यायला हवे, हा सावकारीचासुद्धा नियम आहे. बाईच्या बाबतीत मात्र चांगल्या परतफेडीचे बक्षीस म्हणून आणखी एक प्रशिक्षण मिळते.

म्हणून संघटनांनी आता योजनांची यादी वाचून दाखवण्याचे काम थांबवून पुढील मागण्यांवर एकत्र यावे, असे मला वाटते.

१. गटाच्या कर्जाबरोबर प्रत्येक बाईला तिच्या एकटीच्या नावे हंगामी खेळत्या भांडवलाची मर्यादा मिळावी. पैसे मार्चअखेर मंजूर, एप्रिलमध्ये हातात, फेड माल विकल्यावर.

२. दहा लाखांच्या आत सातबारा आणि सहहिस्सेदारांच्या सह्या मागणे बंद व्हावे. नकार दिला तर तो कारणासह लेखी, पंधरा दिवसांत.

३. प्रशिक्षण वाडीवर, दिवसा, पाळणाघरासह व्हावे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. त्याचे यश हजेरीवरून न मोजता दोन वर्षांनी किती जणींचा धंदा चालू आहे, यावरून मोजावे.

४. अंगणवाड्या, आश्रमशाळा, वसतिगृहे, शासकीय उपाहारगृहे यांच्या खरेदीत बायकांच्या उत्पादक संस्थांचा वाटा राखून ठेवावा, निविदेची रक्कम त्यांच्या आवाक्यातली असावी.

५. घर आणि जमीन दोघांच्या नावावर व्हावी. हक्कसोड पत्रावर सही करण्यापूर्वी बाईला तिचा हिस्सा किती आणि किमतीचा किती, हे समजावून सांगणे नोंदणी कार्यालयावर बंधनकारक करावे.

यातली पहिली दोन कामे उद्यापासून सुरू करता येतील. प्रत्येक तालुक्यात एका वर्षात कोणकोणत्या बायका कर्जासाठी बँकेत गेल्या, किती वेळा गेल्या, काय उत्तर मिळाले, पैसे कोणत्या महिन्यात हाती आले, याची साधी वही ठेवू या. बँकेकडे आपल्या परतफेडीचा हिशोब असतो, आपल्याकडे तिच्या नकारांचा असू दे. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. तालुका-तालुक्यांच्या वह्या एकत्र केल्या की जिल्ह्याच्या अग्रणी बँकेसमोर आपल्याला फार बोलावे लागणार नाही.